जुन्या मोटारींतील शीतयंत्राचा दोष कसा शोधावा

चैत्र सरला म्हणजे कुरुंद्याहून वसमतकडे किंवा नांदेडकडे भर दुपारीं मोटारीनें जाणें ही एक शिक्षाच होते. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत पारा ४० अंशांच्या वर चढणें हें नवल नव्हे. अशा वेळीं जुनी मोटार घेतलेल्या कुटुंबाची तक्रार ठरलेली असते: शीतयंत्र, ज्याला सर्वजण एसी म्हणतात, तें चालू होतें, पण हवा गरमच येते. मग कारागिराकडे जावें, त्यानें ‘गॅस संपला’ म्हणावें, आपण पैसे मोजावे, आणि पुढच्या वैशाखांत पुन्हां तेंच. ही मालिका कोठें तोडतां येते तें आज पाहूं.

प्रथम तत्त्व समजून घेऊं. माठांतील पाणी थंड कां होतें? माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन जातें, आणि जातांना उष्णता ओढून नेतें. मोटारींत पाण्याच्या ठिकाणीं आर-१३४ए नांवाचा पदार्थ असतो. तो हवेच्या साध्या दाबाखालीं उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो, तेव्हां ती अतिशय तापते. गाडीच्या तोंडाशीं असलेल्या कंडेन्सरमध्यें ती बाहेरच्या हवेस उष्णता देऊन द्रव होते. तो द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून कूलिंग कॉइलमध्यें शिरला कीं त्यावरचा दाब उतरतो, तो उकळूं लागतो आणि आंतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. वाफ पुन्हां कॉम्प्रेसरकडे जाते. हें चक्र बंद आहे. पेट्रोलसारखा गॅस खर्च होत नाहीं. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें थोडा झिरपतो हें खरें. परंतु एका वर्षांत सारा नाहींसा झाला, तर कोठें तरी गळती आहे, आणि ती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

आतां परीक्षा. हवा कमी येते कीं गरम येते, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. पंखा फिरतो, तरी हवा मंद येत असेल, तर केबिन फिल्टर धुळीनें भरला आहे काय तें आधीं पाहावें. ही तपासणी फुकट होते. पंखा केवळ सर्वांत मोठ्या गतीवरच चालत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळला असण्याचा संभव मोठा. सुरुवातीस थंडावा येऊन तासाभरानें हवाच बंद पडत असेल, आणि यंत्र थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हां येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे असें समजावें.

हवा भरपूर पण गरम असेल, तर बॉनेट उघडून, पट्टा व पंखा यांपासून दूर उभें राहून कॉम्प्रेसरकडे पाहावें. जुन्या गाड्यांत त्याची पुली सदैव फिरते. पण पुढची तबकडी, आंत बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊनच, फिरूं लागते. हा क्लच होय. (पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या नमुन्याच्या मोटारींत शीतयंत्र दिलें तेव्हां क्लच नव्हता, थंडी नको असल्यास इंजिन बंद करून पट्टाच काढावा लागे!) तबकडी फिरत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. नंतर त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले काढून एसीच्या जागीं लावून पाहावा. हे दोन्ही निर्दोष ठरले, तर गॅस फार उतरला असावा. कारण दाब उतरतां एक स्विच क्लचला वीज देणेंच थांबवतो. तबकडी थोड्या थोड्या सेकंदांनीं लागत-सुटत असेल, तरी गॅस कमी असल्याचाच संशय घ्यावा.

तबकडी फिरते, तरी थंडावा नाहीं? पांच मिनिटें यंत्र चालवून इंजिन बंद करावें, आणि लगेच इंजिन व बैठकीची जागा यांमधील पत्र्याजवळच्या दोन नळ्यांना हात लावावा. जाड नळी थंड व घामेजलेली, बारीक नळी कोमट, हें निरोगी लक्षण. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणारी नळी मात्र चटका देते. तिला शिवूं नये. जाड नळी थंड असून आंत हवा गरम असेल, तर हीटरचें गरम पाणी बंद होत नसावें. तेथें गॅसचा कांहीं संबंध नाहीं. गाडी धांवतांना थंड आणि वसमतच्या बाजारांत हळदीच्या गाड्यांमागें थांबतांच गरम होत असेल, तर कंडेन्सरचा पंखा बंद आहे, किंवा जाळी चिखल-कचऱ्यानें बुजली आहे. जाळी थंड झाल्यावर हलक्या धारेनें धुवावी. जोराची धार तिच्या नाजूक पात्या वांकवते. जुलै २०२२ मध्यें कुरुंद्यांत पुराचें पाणी शिरलें होतें, हें स्मरून जुनी मोटार घेणाऱ्यानें जाळीच्या मागच्या बाजूचा वाळलेला गाळ व जोडतारांवरचा गंज अवश्य पाहावा.

गळती शोधण्यास साबणाचा फेस पुष्कळदां पुरतो. सांध्यांवर तेलकट डाग दिसला कीं तेथें फेस लावावा. बुडबुडे फुगले तर चोर सांपडला. कॉइलची गळती मात्र अशी दिसत नाहीं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. बंद गाडींत, ३० अंशांवर, आर-१३४ए चा दाब मापकावर दर चौरस इंचास सुमारें ९७ पौंड येतो. आंत द्रवाचा थोडासाही अंश असला तरी तितकाच, आणि पुष्कळ असला तरी तितकाच. कारण द्रव शिल्लक आहे तोंपर्यंत वाफेचा दाब केवळ उष्णतामानावर ठरतो. म्हणून ‘दाब आहे, अर्थात् गॅस पुरेसा आहे’ हें अनुमान चुकीचें. खरें माप वजनाचें. किती ग्रॅम भरावा हें बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलें असतें. त्याप्रमाणें, व्हॅक्यूम करून, तराजूवर तोलून भरावयास सांगावें.

गॅस स्वतः कधीं सोडूं नये. उडालेला द्रव कातडी गोठवतो, आणि हा वायु वातावरण तापविण्यांत कर्बद्विवायूहून हजारपटीपेक्षां अधिक प्रबळ आहे. स्वैंपाकाचा गॅस भरून काम स्वस्तांत करून देणारे भेटतात. बंद गाडींत ज्वालाग्राही वायूची गळती म्हणजे काय हें पालकांस सांगावयास नको. फार जुन्या मोटारींत आर-१२ असे. भारतांत त्याचें उत्पादन २००८ सालीं थांबलें. त्याचें खनिज तेल आर-१३४ए मध्यें मिसळत नाहीं, म्हणून तेल व सील न बदलतां तेथें नवा गॅस भरल्यास कॉम्प्रेसर कोरडा चालून निकामी होतो.