दाजींच्या चेतकला कुठला पार्ट?

कोल्हापूर

चि. सोनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

दाजींची चेतक स्कूटर तू विकणार नाहीस, चालवणार आहेस, हे ऐकून काय वाटलं ते फोनवर सांगता आलं नाही. घसा भरून आला होता. एक मिस्त्री म्हणतो, सगळं कंपनीचंच टाका, नाहीतर मी हात लावत नाही. दुसरा म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला कंपनीचं कशाला, लोकलमध्ये निम्म्या पैशांत उभी करून देतो. दोघांपैकी कुणाचं ऐकू, असं तू विचारलंस. माझं मत असं की पूर्ण ऐकावं असं कुणाचंच नाही. फोनवर हे नीट समजावता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी 'कंपनीचा पार्ट' म्हणजे काय ते समजून घे. १९७२ पासून चेतक बनत होती, पण तिच्यातलं सगळंच काही आकुर्डीच्या कारखान्यात घडलेलं नाही. टायर, बेअरिंग, प्लग या गोष्टी गाडीचा कारखाना बाहेरून घेतो, तपासतो आणि बसवतो. तीच बाहेरची मंडळी आपल्या नावाच्या डब्यात तोच माल बाजारातही विकतात. दाजी टायर बदलायचे तेव्हा स्कूटर कंपनीचं नाव असलेला टायर कधी शोधत बसले का? बेअरिंगचंही तसंच. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०४ असेल तर आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४, मग ते चिंचवडचं असो की परदेशातलं. ते नावाजलेल्या कारखान्याचं आणि त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडचं असलं की झालं. कंपनीच्या पाकिटासाठी त्यावर जास्तीचे पैसे घालू नकोस. तेव्हा दुकानात 'कंपनीचा आहे का?' एवढंच विचारून थांबायचं नाही. 'कुणी बनवलाय?' हेही विचारायचं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे पार्टचं वय. दोन स्ट्रोकवाली चेतक बंद होऊन बरीच वर्षं लोटली. आता एखाद्या दुकानात कपाटाच्या मागून धूळ झटकून अस्सल कंपनीचं पाकीट निघतं आणि गिऱ्हाईक हरखून जातं. लोखंडी वस्तू असेल तर जरूर हरखावं. गिअर, शाफ्ट, किकचा दाता कागदात तेल लावून गुंडाळलेला असेल तर वीस वर्षांनीही नवाच. पण रबर पाकिटातही म्हातारं होतं. ऑइल सील, कार्बोरेटरचे वायसर, पेट्रोलची नळी, इंजिनाचे बुश हे नुसते पडून पडून कडक होतात, चिरतात. पंधरा वर्षांच्या अस्सल सीलपेक्षा चांगल्या रबरवाल्या कारखान्याचा गेल्या वर्षी बनलेला सील मी डोळे मिटून घेईन. सीलची ओठासारखी कड नखाने दाबून बघ. लगेच जागेवर आली पाहिजे. टायरवर तर तारीखच असते. कडेच्या छोट्या चौकटीत चार आकडे दिसतील. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

सीलवर इतकं का लिहितोय, तेही सांगतो. तुझ्या आईलाही मी हे कधी बोललो नाही.

माझं गॅरेज नवीन होतं तेव्हा एकजण चैत्राच्या यात्रेआधी स्कूटर घेऊन आला. नवराबायको आणि पुढे उभा राहणारा पाच वर्षांचा पोरगा, असे जोतिबाला जाणार होते. क्रँकचे दोन्ही सील बदलायचे होते. चांगले सील संपले होते, दुसऱ्या दिवशी आले असते. पण त्याला घाई आणि मला गिऱ्हाईक सोडवेना. बिननावाचे, सुटे मिळणारे सील मी बसवले. डोंगर चढताना मॅग्नेटच्या बाजूच्या सीलने दगा दिला. टू स्ट्रोकमध्ये या सीलमधून बाहेरची हवा आत ओढली गेली की पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. ऑइल पेट्रोलातूनच येतं, म्हणजे तेही कमी पडतं. पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरला आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. तिघेही पडले. पोराची हनुवटी फाटली, चार टाके पडले. तो माणूस माझ्यावर ओरडलासुद्धा नाही. गाडी टेम्पोत घालून आणली आणि 'बघा काय झालंय' एवढंच म्हणाला. इंजिन खोलल्यावर सील माझ्या हातात आला तेव्हा त्याची कड भाकरीच्या पापुद्र्यासारखी निघत होती.

त्या दिवसापासून प्रत्येक पार्ट हातात घेतला की मी एकच विचार करतो. हा चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? आरसा निखळला तर दुसरा लावू. फूटरेस्टचं रबर, मॅट, सीटचं कव्हर, नावाची पट्टी हे लोकल खुशाल घे. पण क्रँकचे सील, ब्रेकचे लायनर, ब्रेकची वायर, चाकाचे नट आणि त्यांच्या स्प्लिट पिना, टायर, हँडलच्या वाट्या यांत पै वाचवू नकोस. इथे कंपनीचा ताजा माल किंवा नाव असलेल्या कारखान्याचा माल, तिसरं काही नाही. हलके लायनर लवकर गुळगुळीत होतात. चेतकचा पुढचा ब्रेक आधीच बेताचा, त्यात असे लायनर म्हणजे नुसती मूठ दाबत राहायचं. जुने ॲल्युमिनियमचे ब्रेक शू शाबूत असतील तर त्यांवरच चांगले लायनर चढवून घेता येतात.

आणि ही सवय आजपासूनच लाव. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिन धरल्याचं जाणवलं, आवाज दबला की क्लच दाबायचा, चाक मोकळं होतं. मूठ सोडल्यावरही इंजिन वरच भुणभुणत राहिलं तर गाडी बंद करून मला फोन कर. धूर पांढरा आणि दाट येऊ लागला तर क्लचच्या बाजूचा सील गेला, गिअरचं ऑइल जळतंय असं समज. तोही बदलायचाच, पण तेवढ्यापुरती गाडी घरी येईल.

आता इंजिन. दोन्ही मिस्त्रींनी नवा ब्लॉक-पिस्टन सुचवला असं तू म्हणालीस. नको. दाजींच्या इंजिनाचा बिडाचा सिलिंडर मूळचा ५७ मिलिमीटरचा. हजारदा तापून, निवून ते बीड आता मुरलंय. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटचं ओतकाम कसं आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. जुना सिलिंडर रिबोर करायचा, त्याला मापाचा ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा नामांकित कारखान्याच्या घ्यायच्या. पिस्टन हातात आल्याशिवाय बोरिंगला हात लावू द्यायचा नाही, कारण भोक पिस्टन मोजूनच पाडायचं असतं. जुनी वस्तू दुरुस्त होत असेल तर ती अस्सल आणि नकली या दोन्हींपेक्षा बरी, असं माझं ठाम मत आहे. पत्र्याचंही तेच. बाजारातली नवी डिकी पातळ असते, कडा जुळत नाहीत आणि खड्ड्यात खडखडते. चेपलेली मूळची डिकी डेंटरकडून ठोकून घे. ती अगदीच गेली असेल तर भंगारातली जुनी शोधू.

पार्ट घ्यायला नाना पेठेत जाशील तेव्हा जुना पार्ट बरोबर ने. दोन्ही शेजारी ठेव, वजन हातात घे, भोकं जुळतात का बघ. नकली माल अस्सल पाकिटातही येतो. तेव्हा छपाई पुसट वाटली, बिल देताना दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुकान सोड. स्वस्त दिसलं म्हणून किंवा लाजेकाजेस्तव घेऊ नकोस. तू दाजींची मुलगी आहेस, भाजीवाल्याला परत पाठवायचीस तशी इथेही पाठव.

गाडीतून निघालेला एकही तुकडा मिस्त्रीकडे सोडू नकोस. सगळं पिशवीत भरून दिवाळीला घेऊन ये, सिलिंडर तर नक्कीच. इथल्या उद्यमनगरात बोरिंगवाला माझ्या ओळखीचा आहे, मी मशीनपाशी उभा राहून करून घेईन. इंजिन खोलेपर्यंत आठवड्यातून एकदा, प्लग काढून, किक हळू मारून इंजिन फिरवत राहा. गंज धरू देऊ नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा