इंग्रजी सुधारायचंय? आधी मिनिटाचा भाव काढा

बारावीपर्यंत मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेल्या मुलामुलींना कॉलेजच्या पहिल्या वर्षी दोन आघाड्यांवर इंग्रजीला तोंड द्यावं लागतं. वर्गात उभं राहून बोलायचं असतं आणि जर्नल, असाइनमेंट, उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायच्या असतात. नेमक्या याच हंगामात ‘९० दिवसांत फाडफाड इंग्रजी’चे फलक जागोजागी लागतात. पालकही ‘लागतील ते पैसे भरू’ म्हणतात. पैसे जरूर भरा, पण आपण विकत काय घेतोय ते आधी ठरवा.

बोलणं सुधारतं ते बोलून. लिहिणं सुधारतं ते कुणीतरी चुका दाखवल्यावर पुन्हा लिहून. म्हणून क्लास असो, ॲप असो की घरगुती शिकवणी, विचारायचे प्रश्न दोनच: मला स्वतःला किती मिनिटं बोलायला मिळणार? आणि माझे किती परिच्छेद तपासून मिळणार?

भरलेली फी आधी वसूल करा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्या वर्षी क्षमता संवर्धनाचा, म्हणजे ‘एईसी’चा भाषाविषय असतो. तुमच्याकडे तो इंग्रजीचा असेल, तर दोन क्रेडिटचे मिळून सत्राला साधारण ३० तास होतात. त्याचे पैसे कॉलेजच्या फीत गेलेलेच आहेत. बहुतेक जण हा विषय ‘पासिंगपुरता’ धरतात आणि संध्याकाळी तेच शिकायला बाहेर पैसे मोजतात. त्याऐवजी विषयाच्या सरांना किंवा मॅडमना भेटून सरळ विचारा, ‘पंधरा दिवसांतून एक परिच्छेद तपासून द्याल का?’ वर्गातल्या साठ जणांपैकी हे विचारणारे दोघं-तिघंच असतात, त्यामुळे सहसा नकार येत नाही. कॉलेजात लँग्वेज लॅब असेल तर तिचं वेळापत्रक मागून घ्या. एनएसएसच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, सेमिनारमधलं आभारप्रदर्शन अशी कामं अंगावर घ्या. ही बोलायची मिनिटं फुकट मिळतात.

क्लासचा खरा भाव

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी तुमच्या गावातली फी घाला.

*मोठी बॅच.* फी ९,००० रुपये, तीन महिने, आठवड्याला पाच दिवस, रोज एक तास, मुलं ३०. तासातली ४० मिनिटं शिक्षक बोलतात. उरलेली २० मिनिटं तीस जणांत वाटली की तुमच्या वाट्याला रोज ४० सेकंद येतात. ६० दिवसांची बेरीज ४० मिनिटं. भाव पडला मिनिटाला २२५ रुपये.

*छोटी बॅच.* फी १२,००० रुपये, तीन महिने, आठवड्याला तीन दिवस, मुलं आठ. शिक्षक २० मिनिटं बोलले तर प्रत्येकाला रोज पाच मिनिटं मिळतात, ३६ दिवसांची १८० मिनिटं. भाव मिनिटाला सुमारे ६७ रुपये.

*दोघांत एक शिकवणी.* तासाला ५०० रुपये, म्हणजे प्रत्येकी २५०. प्रत्येकाला २० मिनिटं बोलायला मिळाली तर भाव साडेबारा रुपये.

*मित्राबरोबर रोज अर्धा तास.* खर्च शून्य. मात्र चूक सुधारणारं कुणी नसतं, म्हणून एवढ्यावर भागत नाही.

सगळ्यांत स्वस्त दिसणारा क्लास सगळ्यांत महाग पडतो, तो असा. चौकशीला जाल तेव्हा ‘फी किती?’च्या आधी ‘बॅचमध्ये मुलं किती?’ हे विचारा.

डेमो लेक्चरवर भाळू नका. डेमो बहुधा संस्थेचा सर्वांत चटपटीत माणूस घेतो. चालू असलेल्या बॅचमध्ये मागे बसू द्या, अशी विनंती करा आणि घड्याळ लावून बघा की शिक्षक किती वेळ बोलतात आणि मुलं किती. शिकवणार कोण, तेच शिक्षक शेवटपर्यंत राहणार का, बुडालेला तास भरून मिळतो का, हेही विचारा.

जीएसटी धरून एकूण रक्कम किती, हे लेखी घ्या. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘१२ हजार प्लस जीएसटी’ म्हणजे १४,१६० रुपये. ज्या क्लासची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला तो तुमच्याकडून घेता येत नाही. पावतीवर क्रमांक आहे का ते बघा.

तपासलेली वही मागा

लेखनासाठी क्लास लावणार असाल तर जुन्या विद्यार्थ्याची तपासलेली वही बघायला मागा. समजा, मुलानं लिहिलंय: ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. लास्ट इयर आय हॅव पास्ड ट्वेल्थ. वी डिस्कस्ड अबाउट ॲडमिशन.’ खाली नुसतंच ‘गुड, इम्प्रूव्ह’ लिहून सही असेल, तर वही तपासलेलीच नाही. चांगला शिक्षक तिन्ही जागा अधोरेखित करतो. भाऊ ‘असण्या’साठी ‘आय हॅव’ पुरतं. ‘लास्ट इयर’ म्हटल्यावर साधा भूतकाळ, ‘आय पास्ड’. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येत नाही. मग तो त्याच धर्तीची पाच-पाच वाक्यं पुन्हा लिहायला लावतो. पैसे मोजायचे ते या कामाचे.

हेच काम काही प्रमाणात मोफत एआय चॅटबॉटकडून करून घेता येतं. त्याला एवढंच सांगा: ‘परिच्छेद लिहून देऊ नकोस, चुका दाखव आणि कारण मराठीत सांग.’ आख्खी असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेतलीत, तर सराव त्याचा होईल, तुमचा नाही.

काही शे रुपयांत आणि फुकटात

व्याकरणाचं पुस्तक एकच घ्या. रेमंड मर्फी यांचं लाल ‘एसेन्शियल ग्रामर इन यूज’ पाया कच्चा असणाऱ्यांसाठी आहे, निळं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ मध्यम पातळीसाठी. उत्तरं असलेलीच आवृत्ती घ्या, नाहीतर स्वतःचं स्वतःला तपासता येत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर आणखी स्वस्त, पण आधीच्या मालकानं गाळलेल्या जागा पेनानं भरल्या नाहीत ना, हे पान उलटून बघा.

ऐकण्यासाठी बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ मोफत आहे आणि त्याची संहिताही मिळते. आधी ऐका, मग संहितेशी ताडून बघा, मग मोठ्यानं वाचा. वाचनासाठी कॉलेजच्या वाचनालयात एकच बातमी आधी ‘लोकसत्ता’त आणि मग ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये वाचा. विषय डोक्यात बसलेला असल्यामुळे डिक्शनरी कमी उघडावी लागते.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणमंचावर एनपीटीईएलचे इंग्रजी संभाषण आणि लेखनाचे अभ्यासक्रम मोफत करता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी १,००० रुपये. परीक्षेचे क्रेडिट तुमचं कॉलेज धरतं का, हे आधी विचारून घ्या.

खिसा कापणाऱ्या तीन जागा

*ॲपची ‘मोफत चाचणी’.* सात दिवस फुकट म्हणून यूपीआय ऑटोपेला मंजुरी दिली की आठव्या दिवशी वर्षाचे पैसे कापले जाऊ शकतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या विभागात जाऊन मंजुरी रद्द करता येते. ॲप नुसतं मोबाइलमधून काढून टाकल्यानं ती रद्द होत नाही.

*‘सोपे हप्ते’.* क्लासच्या काउंटरवर भरून घेतलेला ईएमआयचा फॉर्म बहुधा फायनान्स कंपनीच्या कर्जाचा असतो. क्लास आवडला नाही म्हणून सोडला, तरी कर्ज सुटत नाही, आणि हप्ता चुकला तर सिबिल बिघडतं. हप्तेच हवे असतील तर दरमहा थेट क्लासला द्या.

*वेळेआधीची आयईएलटीएस.* परदेशी शिक्षणाच्या नावाखाली पहिल्याच वर्षी या परीक्षेची तयारी गळ्यात मारली जाते. परीक्षेची फी १७-१८ हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरला जातो. आत्ता दिलीत तर पदवी हातात येईपर्यंत तो बाद झालेला असेल.

बिनसलं तर

फी एकरकमी भरू नका. महिन्याची किंवा फार तर दोन महिन्यांची भरा. क्लास सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंग सेंटरना ‘नोकरीची हमी’सारखे दावे करायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

आधी क्लासला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

वर्षाचा हिशेब

पहिल्या सत्रात पुस्तक आणि वही यापलीकडे खर्च करू नका. कॉलेजचे तास, रोजचं अर्धा तास बोलणं आणि आठवड्याला एक तपासलेला परिच्छेद, एवढं दिवाळीपर्यंत नेमानं चालवा. या काळात कुठं अडतंय ते कळेल. शब्द माहीत असून तोंड उघडत नसेल तर छोटी बॅच लावा. वाक्यच चुकत असेल तर मैत्रिणीबरोबर शिकवणी लावा: आठवड्याला एक तास, आठ आठवडे, वरच्या दरानं प्रत्येकी २,००० रुपये. आणि दिवाळीपर्यंतचा नेम दोन आठवड्यांतच मोडला असेल, तर क्लासची फी भरण्यात अर्थ नाही. सराव तिथंही तुम्हालाच करायचा आहे.