ऐंशी रुपयांचे भांडवल

(उद्योग सुरू करायचा म्हणजे खूप पैसा हवा, असे अनेकांना वाटते. मुंबईतील सात गृहिणींनी मात्र उसन्या घेतलेल्या ऐंशी रुपयांवर पापडांचा उद्योग सुरू केला. तो कसा वाढला आणि लहान उद्योग चालवताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, हे या पाठात सांगितले आहे.)

जेवणाच्या ताटात पापड आला, की लहान-मोठे सगळेच खूश होतात. पूर्वी उन्हाळा लागला, की शेजारणी एकत्र जमत. कोणी पीठ मळे, कोणी पापड लाटे, तर कोणी ते गच्चीवर वाळत घाली. वर्षभर पुरतील एवढे पापड डब्यांत भरून ठेवले जात. हे काम घरातल्या बायका न बोलता करत आणि त्याचा मोबदला त्यांना कधी मिळत नसे.

मुंबईत गिरगाव नावाचा जुना भाग आहे. तेथे लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. त्यांत राहणाऱ्या सात गुजराती गृहिणींनी ठरवले, की आपल्याला येणारे हे काम विक्रीसाठी करायचे आणि संसाराला चार पैशांची मदत करायची. जसवंतीबेन पोपट या त्यांच्यापैकी एक होत्या. या बायकांचे शिक्षण बेताचे होते. हातात कसब होते, पण पैसा नव्हता. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. लोक त्यांना आदराने 'छगनबाप्पा' म्हणत. १५ मार्च १९५९ रोजी सातही जणी गच्चीवर जमल्या. त्या दिवशी पापडांची फक्त चार पाकिटे तयार झाली. भुलेश्वर येथील ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे ती विकली गेली.

चार पाकिटे ही काही मोठी विक्री नव्हे. शिवाय डोक्यावर कर्ज होते. तरीही सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट पक्की केली. तोटा झाला तरी चालेल, पण कोणाकडे देणगी मागायची नाही.

सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करत. एक चांगला आणि दुसरा थोडा हलका, म्हणजे तो स्वस्तात विकता यावा. छगनबाप्पांना हे पटले नाही. त्यांनी सांगितले, की पापड एकाच दर्जाचा करा आणि दर्जा कधीही उतरू देऊ नका. हा सल्ला ऐकणे सोपे नव्हते. स्वस्त माल लवकर खपतो, हे प्रत्येक विक्रेत्याला ठाऊक असते. पण हलका पापड खाणारे गिऱ्हाईक तो पापड कोणी केला, हेच लक्षात ठेवते. मग चांगला पापडही ते विश्वासाने घेत नाही. बायकांनी सल्ला मानला. मोडके पापड तर त्या विकतच नसत, ते शेजाऱ्यांना वाटून टाकत.

छगनबाप्पांचा दुसरा आग्रह हिशोबाचा होता. हे काम म्हणजे धंदा आहे, तेव्हा त्याचा हिशोब चोख ठेवा, असे त्यांचे सांगणे होते.

हिशोब का महत्त्वाचा, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एक किलो पापडांसाठी पीठ, मिरी, हिंग, तेल असे सामान १२० रुपयांचे लागले. पिशवी आणि वाहतूक यांना १५ रुपये लागले. म्हणजे खर्च १३५ रुपये झाला. पापड १६० रुपयांना विकले, तर २५ रुपये उरले असे वाटते. पण पापड लाटायला जे हात राबले, त्यांची मजुरी कोठे आहे? ती ५० रुपये धरली, तर खरा खर्च १८५ रुपये होतो. म्हणजे २५ रुपयांचा नफा नव्हे, २५ रुपयांचा तोटा झाला. घरचे माणूस काम करते, म्हणून त्याची मजुरी धरायची नाही, ही चूक अनेक लहान उद्योगांत होते. असा धंदा चालताना दिसतो, पण आतून पोखरला जातो. या गृहिणींनी लाटण्याची मजुरी खरी मानली. आईच्या, बहिणीच्या कामालाही मोल असते, हे त्यांच्या वहीने सांगितले.

पुढे पावसाळा आला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. चार महिने काम नाही, म्हणजे चार महिने कमाई नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक साधी युक्ती केली. एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. मोठे यंत्र घेण्याइतका पैसा नव्हता, पण अडचण नेमकी कोठे आहे, हे त्यांना कळले होते. त्यानंतर पाऊस असला तरी पापड वाळू लागले.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तीनच महिन्यांत पापड लाटणाऱ्या बायकांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली होती. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती तीनशेच्या वर गेली. आता गच्ची पुरेना. तेव्हा मळलेले पीठ बायकांनी घरी न्यायचे आणि पापड लाटून परत आणायचे, अशी पद्धत सुरू झाली. परत आलेले पापड तोलून पाकिटांत भरले जात. घर आणि मुले सांभाळून काम करता येऊ लागल्यामुळे अनेकींची सोय झाली.

१९६२ मध्ये पापडाला नाव हवे होते. त्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. बक्षीस होते पाच रुपये! त्यातून 'लिज्जत' हे नाव निवडले गेले. मुलांनो, हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. उर्दूतील 'लज्जत' तो हाच. अरबी भाषेतून आलेला हा शब्द मराठी आणि गुजराती या भाषांमध्येही रुजला आहे.

सगळेच प्रयत्न यशस्वी झाले असे नाही. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. पण त्या खचल्या नाहीत. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. १९६८ मध्ये गुजरातमधील वालोड येथे महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा सुरू झाली. आज 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. कोणत्याही जातीधर्माच्या स्त्रीला तेथे काम करता येते. त्या एकमेकींना 'बहीण' म्हणतात. त्या संस्थेच्या नोकर नाहीत, मालकीण आहेत. म्हणून नफाही सगळ्यांचा आणि तोटाही सगळ्यांचा. २०२१ मध्ये भारत सरकारने जसवंतीबेन पोपट यांना 'पद्मश्री' देऊन गौरवले.

तुमच्या गल्लीतही कोणी शिवणकाम करते, कोणी जरीकाम करते, कोणी पाव-बिस्किटे बनवते, तर कोणी सायकली दुरुस्त करते. त्यांच्याजवळही भांडवल थोडेच असते. पुढच्या वेळी तेथे गेलात, की थोडे थांबून त्यांचे काम पाहा. ते माल कोठून आणतात, उधारी कशी वसूल करतात, पावसाळ्यात काय करतात, हे त्यांना अदबीने विचारा. आणि तुमच्या घरात कोणी असे काम करत असेल, तर आज रात्री त्यांच्याजवळ बसून हिशोबाची वही लिहायला मदत करा.

शब्दार्थ

भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
गृहिणी – घर सांभाळणारी स्त्री
मोबदला – कामाबद्दल मिळणारा पैसा
बेताचे – थोडे, जेमतेम
कसब – हातातील कौशल्य
दर्जा – मालाचा चांगलेपणा, प्रत
चोख – बरोबर, स्वच्छ
खचणे – धीर सोडणे
पोखरला जाणे – आतून पोकळ होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सात गृहिणींनी किती रुपये उसने घेतले?
(आ) पहिल्या दिवशी किती पाकिटे तयार झाली?
(इ) मोडक्या पापडांचे त्या काय करत?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) छगनबाप्पांनी कोणते दोन सल्ले दिले?
(आ) पावसाळ्याची अडचण कशी दूर झाली?
(इ) पापड लाटण्याचे काम घरी का नेले जाऊ लागले?

३. हिशोब करा. एका बाटली लोणच्याच्या सामानाला ९० रुपये, बाटलीला १० रुपये आणि मजुरीला ३० रुपये लागले. लोणचे १२० रुपयांना विकले. नफा झाला की तोटा? किती?

४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
नफा, कर्ज, हिशोब, बाजार, वसूल

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एका लहान उद्योगाला भेट द्या आणि त्याविषयी दहा ओळी मराठीत लिहा.