तीन महिन्यांची शुगर



शाळेत इन्स्पेक्शन असले की त्या दिवशी वर्ग कसे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. गणवेशाला इस्त्री, फळा स्वच्छ, मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा चूप! पण अभ्यास खरोखर किती झाला हे पाहायचे तर वह्या उघडाव्या लागतात. उपाशीपोटी केलेली शुगरची तपासणी म्हणजे इन्स्पेक्शनचा दिवस. एचबीएवनसी म्हणजे वही.

माझे थोरले बंधू देवासला असतात. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तपासणीच्या आधी चार दिवस दादा गोड बंद करीत, रात्री एकच पोळी खात आणि पहाटे टेकडीच्या पायऱ्या चढून देवीचे दर्शन घेऊन येत. रिपोर्ट ११५ आला की घरी पोहे-जिलेबी. मागच्या वर्षी पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा डॉक्टरांनी एचबीएवनसी करवली. आकडा आला ९.२. "लॅबवाल्याचे काहीतरी चुकले असेल," दादा म्हणाले. चुकले काही नव्हते.

आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तातली साखर त्याला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवस. म्हणून शंभरातले किती हिमोग्लोबिन असे 'साखरलेले' आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. त्यातला जवळजवळ अर्धा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, पण चार दिवसांच्या उपासाने तो पुसला जात नाही. मधुमेह्यांच्या रक्तातील हा बदल १९६८ साली तेहरानमध्ये डॉ. सॅम्युअल रहबर यांच्या लक्षात आला. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४, आणि ९ टक्के म्हणजे २१२. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात १९९३ साली सिद्ध झाले की हा आकडा ९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवला, तर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे विकार पुष्कळ कमी होतात. ६.५ किंवा त्याहून जास्त आकडा मधुमेहाचे निदान म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्य केला.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला, ती. ही वही सगळ्यांचीच खरी बोलते असे नाही. आपल्या धार जिल्ह्यातील आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी सिकलसेल तपासणीचे एक कोटीवे कार्ड दिले, तेही याच जिल्ह्यात, भैंसोला येथे. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी दहा-वीस दिवसांतच मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि त्यांच्यात नेहमीचे हिमोग्लोबिनही नसते. त्यामुळे शुगर वाढलेली असूनही आकडा चांगला दिसू शकतो. हा धोका मोठा आहे, कारण घरचे निर्धास्त राहतात. ज्यांना आजार नाही, पण तो गुण अंगात आहे, त्यांच्या बाबतीतही काही यंत्रे चुकीचा आकडा देतात. लोह कमी असल्यामुळे झालेल्या ॲनिमियात उलटे होते, आकडा खोटाच वाढतो. आपल्याकडे हा ॲनिमिया बायकांमध्ये किती आहे, ते मी काय सांगू! नुकतेच रक्त चढवले असेल तरीही हिशेब बिघडतो.

तेव्हा ज्यांच्या घरी सिकलसेलचे कार्ड आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आणि लॅबमध्येही दाखवावे. अशा रुग्णांसाठी फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी असते. ती रक्तातील प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजते व दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब देते. ती जवळपास होत नसेल तर घरच्या ग्लुकोमीटरवर वेगवेगळ्या वेळी शुगर पाहून आकडे लिहून ठेवावेत. आणि आईची, आजीची एचबीएवनसी करायची असेल तेव्हा हिमोग्लोबिनही सोबतच तपासून घ्यावे.

दादांचे हिमोग्लोबिन ठीक निघाले, म्हणजे ९.२ खराच होता. औषध बदलले, जखम भरली. तीन महिन्यांनी आकडा ७.८ आला. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, म्हणून त्या सकाळी ते घरून रोजच्यासारखा नाश्ता करून गेले होते.