धुक्यात सापडलेला वैमानिक

एखाद्या मित्रास डोळे मिटून फिरत्या खुर्चीवर बसवावे आणि ती खुर्ची सावकाश, एकाच गतीने फिरवीत राहावे. प्रारंभी तो फिरण्याची दिशा अचूक सांगतो. थोड्या वेळाने मात्र, खुर्ची तशीच फिरत असताना, ‘आता थांबली’ असे तो म्हणतो. आणि ती खरोखर थांबविली की आपण उलट दिशेने फिरू लागलो, असे त्यास वाटते. आपल्याला ही केवळ गंमत वाटेल. परंतु रात्री रुग्णास घेऊन निघालेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकास हीच फसगत प्राणघातक ठरू शकते. ती कशी, हे आता पाहू.

शरीराची साक्ष

कानाच्या आतील भागात परस्परांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, पण द्रव किंचित मागे राहतो. त्यामुळे तेथील सूक्ष्म केस वाकतात व मेंदूस वळणाची वार्ता मिळते. या इंद्रियावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु एकाच गतीचे वळण चालू राहिल्यास सुमारे वीस सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव लोपते. फार सावकाश घेतलेले वळण तर मुळीच उमगत नाही. एरवी ही उणीव आपले डोळे भरून काढतात. ढगात क्षितिज दिसेनासे झाले की तो आधारही तुटतो.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाण करण्याचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना, बाहेरचे काही दिसू न देता, विमान चालविण्यास सांगण्यात आले. सर्वांचाच विमानावरील ताबा सुटला. त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. हेलिकॉप्टर तर स्वभावतः विमानाहून अस्थिर असते.

धुके अकस्मात का भेटते?

निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिच्यालगतची हवा दवबिंदूपर्यंत निवली की धुके जमते. तेही प्रथम सखल भागात, नदीच्या खोऱ्यात. विमानतळावरील नोंद उत्तम असली तरी वाटेवरील खोऱ्याची स्थिती वेगळी असू शकते; आणि रुग्ण जेथे असेल तेथे वेधशाळा असतेच असे नाही. शिवाय पातळ धुक्यातून सरळ खाली पाहिले तर दिवे दिसतात; तिरकस पाहिले तर तेच धुके दाट भासते. त्यामुळे धुक्यात शिरेपर्यंत धोका ध्यानी येत नाही.

एक दुर्घटना

२७ सप्टेंबर २००८ च्या रात्री मेरीलँड राज्यात मोटार अपघातातील दोन जखमींना घेऊन पोलीस दलाचे हेलिकॉप्टर रुग्णालयाकडे निघाले. ढग अपेक्षेपेक्षा खाली आल्याचे पाहून वैमानिकाने अँड्र्यूज विमानतळाकडे मोर्चा वळविला. धावपट्टी सुमारे पाच किलोमीटर दूर असतानाच हेलिकॉप्टर वेगाने खाली उतरले व झाडांवर आदळले. पाचांपैकी चौघे मृत्यू पावले. एक जखमी तेवढा वाचला. ढगाखाली जाऊन जमीन पुन्हा दृष्टीस पडावी, यासाठी वैमानिक वेगाने उतरला आणि ते उतरणे त्याने किमान उंचीवर रोखले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्यास उपकरण-उड्डाणाचा परवाना होता. अलीकडचा सराव मात्र थोडा होता. परवान्यापेक्षा सरावाची किंमत अधिक, हे येथे ध्यानात घ्यावे.

यंत्रांची साक्ष

बाहेरचे दिसेनासे होताच जमीन शोधावी, अशी स्वाभाविक ऊर्मी होते. शिकविले जाते ते नेमके याच्या उलट. कृत्रिम क्षितिज पाहून हेलिकॉप्टर समतल करावे. दिशा कायम ठेवावी. पुरेशी शक्ती देऊन, योग्य वेग राखून सुरक्षित उंचीपर्यंत चढावे. आणि मगच नियंत्रकास परिस्थिती कळवून उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय मागावी. शरीर ‘आपण कलंडलो’ असे ओरडत असले तरी यंत्राचे ऐकावयाचे, यासाठी वारंवार सराव लागतो. अमेरिकेत २०१४ साली झालेल्या नियमांनी रुग्णवाहक हेलिकॉप्टरच्या प्रमुख वैमानिकास उपकरण-उड्डाणाची पात्रता, तसेच भूपृष्ठाची सूचना देणारे यंत्र व उड्डाणापूर्वी धोक्याचे मूल्यमापन आवश्यक केले.

तथापि सर्वोत्तम उपाय ढगात शिरण्यापूर्वीचा आहे. दृश्यता घटू लागली की वैमानिक नकळत वेग व उंची कमी करीत जातो. म्हणून त्यांची मर्यादा आधीच ठरवून ठेवतात. उदाहरणार्थ, वेग नेहमीपेक्षा ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, घटला की परत फिरावे किंवा मोकळ्या जागी उतरावे. अनेक ठिकाणी रुग्ण किती गंभीर आहे, हे उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकास सांगत नाहीत. आणि पथकातील एकाने जरी नकार दिला, तरी उड्डाण रद्द होते. ही योजना काहींना कठोर वाटेल. परंतु दयेपोटी चुकीचा निर्णय झाला, तर रुग्णाबरोबर त्याला वाचवावयास निघालेलेही बळी पडतात. परत फिरलेले हेलिकॉप्टर मात्र उद्या दुसऱ्या रुग्णाकडे जाऊ शकते.