ध्वनिसंकोचक यंत्राची मांडणी

गेवराई तालुक्यांतील तलवाडा हें गांव त्वरितादेवीच्या देवालयामुळें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. देवीचा गोंधळ ज्यांनीं ऐकला असेल त्यांस आमचें म्हणणें चटकन् पटेल. गोंधळी कथा सांगतांना आवाज इतका खालीं आणतो कीं, मागें बसलेल्या म्हातारीस कानामागें हात धरावा लागतो. आणि लागलीच उदो होतो, संबळावर काठी पडते, व अंगणांत निजलेलीं मुलें दचकून उठतात. कानास हा चढउतार हवासा वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रास तो सोसत नाहीं. हळू बोलण्याकरितां यंत्र मोकळें ठेवावें तर उदो फाटतो. उदोकरितां आवळावें तर कथा पंख्याच्या घरघरींत बुडते.

पूर्वीं हा तोल मुख्यतः माणसाचा हात सांभाळी. १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला, तेव्हां नटांस कॅमेऱ्यापुढेंच गावें लागे. परंतु हात कितीहि तरबेज असला तरी आवाज ऐकल्यावरच हालतो. तोंवर काठी पडून गेलेली असते. कॉम्प्रेसर, म्हणजे ध्वनिसंकोचक, हें काम आपोआप करितो.

त्याच्या जाती अनेक आहेत. १९६० नंतरच्या दशकांतील टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्यें आवाजाबरोबर एक प्रकाशपट्टी कमीअधिक उजळते व समोरच्या प्रकाशग्राही घटकाचा विद्युद्विरोध त्यानें बदलतो. पट्टी उजळली कीं आवाज दबतो. हा घटक सावकाश पूर्वस्थितीवर येतो, म्हणून गळ्यास ही चाल मानवते. बिल पटनम यांचा १९६७ सालचा ११७६ मात्र सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागांत देखील पकड घेऊं शकतो. त्याची अ‍ॅटॅकची गुंडी उजवीकडे फिरविली कीं वेळ कमी होतो, आणि नवशिका तेथें हमखास फसतो.

आम्ही येथें सर्व गुंड्या स्वतंत्र असलेलें साधें यंत्र गृहीत धरितों. मायक्रोफोनचा प्रवाह फार क्षीण असतो, म्हणून तो आधीं प्रिअँप्लिफायरमध्यें वाढवून मग कॉम्प्रेसरमध्यें न्यावा, व तेथून मुद्रकाकडे. प्रथम कॉम्प्रेसर बायपासवर ठेवून गोंधळ्यास जोराचा उदो करावयास सांगावें, आणि तो न फाटेल इतपतच प्रिअँप्लिफायर उघडावा. मग रेशो, म्हणजे प्रमाण, चारास एक ठेवावें. थ्रेशोल्ड हा उंबरठा होय: त्याच्या वर ८ डेसिबल गेलेला आवाज या प्रमाणानें २ डेसिबलच वर निघतो. उंबरठा हळूहळू खालीं आणावा. कथा चालूं असतां सुई शून्यावर स्वस्थ बसली पाहिजे, व उदो झाला कीं तीनचार डेसिबल झुकली पाहिजे. मुद्रण करितांना याहून अधिक लोभ आम्ही धरीत नाहीं.

हें शहाणपण आम्हांस उशिरां आलें. एकदां अशाच मुद्रणांत आम्हीं अ‍ॅटॅक अगदीं जलद ठेविला. सुई सुंदर नाचत होती. आम्ही तिच्याकडेच पाहत राहिलों. सायंकाळीं ऐकवितांना गोंधळी म्हणाला, “दादा, माझा संबळ कुणी भिजवला का?” वळलेल्या टोंकाची काठी कातड्यावर पडतांक्षणींच यंत्रानें तिची धार कापली होती. दाबून मुद्रित झालेला आवाज मागाहून उलगडतां येत नाहीं. त्या बिचाऱ्यांचा दुसरा दिवसहि मोडला, आणि मजुरी बुडाल्याचें ऐकून आम्हांस फार ओशाळें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं अ‍ॅटॅक वीस ते तीस मिलिसेकंद ठेविला. काठीचा पहिला प्रहार निसटूं दिला व मागचा घुमाराच तेवढा दाबला. रिलीज, म्हणजे पकड सोडण्याचा वेळ, कानानेंच ठरवावा लागतो. तो फार थोडा असला तर आवाजास धाप लागते; फार झाला तर उदोनंतरचे दोनचार शब्द दबलेलेच राहतात.

शेवटीं दबलेला आवाज आउटपुटनें भरून काढावा, परंतु बायपासइतकाच. थोडा मोठा आवाज कानास उगीच चांगला वाटतो, आणि आपण यंत्राची वाखाणणी करूं लागतों. आउटपुट वाढविलें कीं हळू आवाजाबरोबर पंख्याची घरघरहि वर येते. म्हणून गुंड्यांस हात लावण्यापूर्वीं पंखा बंद करावा, मग वैशाखाची दुपार कां असेना.