जोडफोटोमागची अक्षरे

प्रश्न : घरच्या पेटीत एकाच देखाव्याचे दोन फोटो शेजारी चिकटवलेला पुठ्ठा सापडला. मागची तपकिरी अक्षरे लागत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, पिंपळगाव राजा

उत्तर : हा स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणातून पाहायचा फोटो. पुठ्ठा मुद्दाम किंचित वाकवलेला असेल, तर तो बहुधा १८८० नंतरचा. अक्षरांना पाणी-तेल लावू नका. तिरप्या उजेडात मोबाइलने टिपून कॉन्ट्रास्ट वाढवा. मजकूर मोडी लिपीत असेल, तर शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेले नसते. म्हणून आधी आकडे आणि गावाचे नाव हुडका. आकडा सालाचा निघाला, तर इसवी सनासाठी शके असल्यास ७८ मिळवा, फसली (महसुली वर्ष) असल्यास ५९०. शके १८२२ आणि फसली १३१० दोन्ही १९००-०१ च्या सुमाराचे. मात्र हे साल नोंदीचे. फोटो त्याआधीचाही असू शकतो.